उतारावर मी ‘चला’ म्हणाले

आईचं आजारपण नऊ वर्षं चाललं. त्या नऊ वर्षांत मी सोलापूरबाहेर एक रात्रसुद्धा काढली नाही. सकाळी तिचं आवरायचं, कॉलेजात जाऊन पदार्थविज्ञानाचे तास घ्यायचे आणि दुपारी परत शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत यायचं. ती गेल्यावर काही दिवसांनी लक्षात आलं, की आता घाईनं घरी पोचायची गरज उरलेली नाही. आणि घरी जायचं नसेल तर दुसरं कुठं जायचं, तेही ठाऊक नाही. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी आली. मी तिला रजा जोडली आणि हिमाचलात बर्फातून चालायला नेणाऱ्या एका गटात नाव घातलं. जिथं आईची कुठलीच आठवण भेटणार नाही अशी जागा हवी होती, एवढंच.

तिथं डॉक्टर भेटले. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे डबे उघडून बसलो असताना समोरच्या गृहस्थांनी पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगा चटणीची पुडी काढली. माझ्या मांडीवरही तेच होतं. त्यांनी माझ्या भाकरीकडं पाहिलं.

“सोलापूर?”

“शुक्रवार पेठ.”

“मी अकलूजचा की!” असं म्हणून ते इतक्या जोरात हसले की बाकीचे वळून बघायला लागले.

ते गुरांचे डॉक्टर. सगळी नोकरी दूध संघात काढून नुकतेच निवृत्त झालेले, माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठे. त्यांच्या पत्नीला थंडीचा त्रास, म्हणून ते एकटेच आलेले. मला ते ‘मॅडम’ म्हणायचे, मी त्यांना ‘डॉक्टर’. परत आल्यावर दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायला लागला. बाकी आठवडाभर माझ्याशी कुणी बोललं तर ते जडत्वाच्या आघूर्णाविषयीच असायचं, त्यामुळं रविवारी मी नऊपासूनच फोन जवळ घेऊन बसायची.

पुढच्या हिवाळ्यापासून आम्ही मोठ्या गटाबरोबर जाणं सोडलं. मनालीच्या पलीकडच्या एका खोऱ्यात एक वाटाड्या होता, चाळिशीतला, कमी बोलणारा. तो आणि आम्ही दोघं. बर्फावर चालायचे रुंद जाळीचे जोडे पायाला बांधून आठ दिवस फिरायचं, रात्री गावात मुक्काम करायचा. बर्फ वाचायला त्यानंच शिकवलं. एका उतारावर त्यानं फावड्यानं छातीएवढा खड्डा खणला आणि त्याची भिंत सपाट तासून दाखवली. वरून सगळं एकच पांढरं दिसत होतं, पण भिंतीत थर होते. वरचा ताजा आणि मऊ, त्याखाली वाऱ्यानं घट्ट दाबलेला, आणि अगदी तळाशी हिवाळ्याच्या सुरुवातीला पडून कडाक्याच्या थंडीत सुटा झालेला खडबडीत दाणा. तो मुठीत घेतला तर गोळा होत नव्हता, बोटांतून गळून जात होता.

“ही तर कारखान्याची साखर,” डॉक्टर म्हणाले.

वाटाड्या म्हणाला, “ह्या साखरेवर सगळं टेकलेलं आहे. वरून तुम्ही चालता तेव्हा तुमचं वजन तिच्यावर जातं. ती बसली की वरचा सगळा पट्टा एका फळीसारखा सुटतो.” मग त्यानं एकेक सांगितलं. घराच्या जिन्याएवढा चढ असला की सावध व्हायचं. नव्या बर्फानंतरचं पहिलं लख्ख ऊन सगळ्यात फसवं असतं. वारा ज्या बाजूला बर्फ नेऊन टाकतो ती बाजू टाळायची. आणि पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज येऊन जमीन खचल्यासारखं वाटलं, तर आल्या वाटेनं मागं फिरायचं.

“त्यात विचार करायचा नाही,” तो म्हणाला. “तो आवाज म्हणजे बर्फानं तुम्हाला सांगितलंय.”

आम्ही दोघांनी बीकन विकत घेतले. गळ्यात अडकवायचं छोटं यंत्र असतं ते. एरवी ते संदेश सोडत राहतं; कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपलं यंत्र शोधावर लावायचं, मग ते बाण आणि अंतर दाखवतं. बर्फाखाली माणसाजवळ फार वेळ नसतो, म्हणून हात बसलेला असावा लागतो. सोलापुरात बर्फ कुठला आणायचा? कुंभारीला माझ्या एका सहकाऱ्याचं शेत होतं. एका मार्चमध्ये डॉक्टर अकलूजहून एसटीनं आले आणि आम्ही तिथं कडब्याच्या ढिगात आळीपाळीनं यंत्र पुरून शोधत बसलो. उन्हानं डोकं तापलेलं. शेतावर कामाला असलेली एक म्हातारी बराच वेळ आमच्याकडं बघत उभी होती.

“काय हारवलंय वो बाई?”

“माणूस शोधायची तालीम करतोय, आजी.”

“कडब्यात?” ती म्हणाली आणि डोक्यावरचा पदर सारखा करत निघून गेली. त्या दिवसाइतकी मी त्या वर्षांत दुसऱ्या कुठल्या दिवशी हसल्याचं आठवत नाही.

चौथ्या हिवाळ्यात आम्ही खोऱ्यात पोचलो तेव्हा वाटाड्या नव्हता. त्याच्या आईला दवाखान्यात हलवलं होतं आणि तो तिच्याजवळ थांबला होता. त्यानं फोनवर सांगितलं, “चार दिवस पडलंय, त्यावर वारा झालाय. जंगलात फिरा. उघड्यावर जाऊ नका.” दोन दिवस आम्ही देवदारांत फिरलो. तिसऱ्या दिवशी ढग फाटून आभाळ निळंशार झालं. त्या खेपेला रजा कमी होती, परतीला एकच दिवस उरला होता. डॉक्टरांच्या पत्नीनं निघताना त्यांना बजावलं होतं, की आता हे शेवटचं. ते सकाळपासून तेच बोलत होते. “उद्या निघायचं आणि मग आहेच की घर. रिंगण घातल्यासारखं अंगणात फिरायचं.”

जंगल संपतं तिथून पुढं एक उघडा उतार होता आणि त्याच्या पलीकडं डोंगराची धार. त्या धारेवरून मागची शिखरं दिसतात असं गावात सांगितलं होतं. उतार आडवा ओलांडायचा म्हणजे दीडदोनशे पावलं. डॉक्टर माझ्यापुढं वीसेक पावलांवर होते. ते झाडांच्या शेवटच्या रांगेशी आले तेव्हा माझ्या पायाखाली धप्प झालं. आवाज मोठा नव्हता. शेजारच्या खोलीत गादी टाकावी तसा. माझ्या जोड्यापासून एक बारीक भेग निघाली आणि वाकडी होत वर गेली.

डॉक्टरांना तो ऐकू गेला नाही. कान टोपीत झाकलेले होते, शिवाय ते काहीतरी गुणगुणत होते. ते थांबले, मागं वळले. चेहरा उन्हानं लाल झालेला, भुवयांवर बर्फाचे कण.

“जायचं ना मॅडम?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, “चला.”

ह्या एका शब्दापाशी मी नंतर किती वेळा परत गेले आहे ते सांगता येणार नाही. मला आवाज कळला नव्हता असं नाही. भेग मी पाहिली होती. उताराचा चढ मी डोळ्यानं मोजला होता, आणि वाऱ्यानं त्याच बाजूला बर्फ आणून टाकलाय हेही वरच्या गोलसर कडेवरून दिसत होतं. माझ्या मनात इतकंच आलं, की ‘नको’ म्हटलं तर ह्यांचा चेहरा उतरेल. हा शेवटचा दिवस असाच संपेल. मॅडम घाबरट निघाल्या असं त्यांना वाटेल, आणि मग रविवारचा फोन कमी होत जाईल. त्या फोनाशिवायची माझी खोली मला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसली. उताराची भीती तिच्यामागं गेली.

एका वेळी एकानंच ओलांडायचं हा नियम आम्ही पाळला. मी झाडाशी थांबले, ते पुढं गेले. साठसत्तर पावलं झाली असतील. त्यांच्या वर, बरीच वर, बर्फात एक सरळ रेघ उमटली. मग तो सगळा पट्टा तुकड्यातुकड्यांनी खाली यायला लागला, सुरुवातीला सावकाश. मी ओरडले. त्यांनी वर बघितलं, हातातल्या काठ्या टाकल्या, दोन पावलं पळाले आणि पडले. लाल जाकीट एकदा वर आलं, पुन्हा एकदा आलं, आणि मग दिसेनासं झालं. सगळं थांबल्यावर इतकी शांतता झाली की मला माझ्याच घशातला आवाज ऐकू येत होता.

मी वर बघितलं. कडेला अजून लटकलेलं काही दिसलं नाही. यंत्र शोधावर टाकलं आणि जाकीट शेवटचं जिथं दिसलं होतं तिथून खाली उतरायला लागले. ढेकळं दगडासारखी कडक झाली होती, पाय अडकत होते. आधी यंत्रावर काहीच येईना. मग बावीस मीटर. मग एकोणीस, मग वाढून चोवीस. दिशा चुकली होती, मागं फिरले. अकरा. सहा. गुडघ्यांवर बसून यंत्र बर्फाला लावून सरकवलं. दोनच्या खाली आकडा जाईना. पाठीवरच्या पिशवीतून फावडं आणि घडीची लांब सळई काढली, सळई जोडून टोचायला लागले. चौथ्या की पाचव्या वेळी ती कशाला तरी लागून दबली. दगडाला लागल्यावर ती खणकन परत येते. ही तशी आली नाही.

ढिगाच्या खालच्या बाजूनं खणत आत जायचं, वरून उकरत बसायचं नाही, हे शिकलेलं हातांना आठवत होतं. मी मोठ्यानं काय बोलत होते कोण जाणे. बहुधा “आले, आले” म्हणत होते. आधी खांदा लागला. मग टोपी. मी हातांनी तोंडावरचा बर्फ काढला, तोंडात बोट घालून आतला काढला. ओठ निळे होते. मी त्यांच्या गालावर मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. मग त्यांच्या छातीतून एक खरखरीत श्वास निघाला आणि ते खोकले.

मी शिट्टी वाजवत राहिले. खाली गवताचे भारे वाहणारी गावातली दोन माणसं होती, त्यांनी उतार सुटल्याचा आवाज ऐकलाच होता. ती वर आली, त्यांनी दोर आणि भाऱ्याचं कापड घेऊन झोळी केली. डॉक्टरांची उजवी मांडी मोडली होती. वाटेत त्यांनी मला दोनदा विचारलं, “आज कुठला वार?”

दुसऱ्या दिवशी मोठ्या गावातल्या दवाखान्यात त्यांना नीट शुद्ध आली. त्या सकाळचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. गावातल्या घरात चहा घेतला इथपर्यंतच. मी खुर्चीवर बसले होते. ते छताकडं बघत म्हणाले, “तुम्ही नको म्हणाला असणार मॅडम. मीच ऐकलं नसणार.”

आजारी माणूस आहे, मांडीत सळई घालायची आहे, आत्ता कशाला, असं मनाला सांगितलं. दोन दिवसांनी वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पुतण्याबरोबर पोचल्या. डॉक्टर त्यांना म्हणाले, “ह्यांनी सांगितलं होतं, नको म्हणून. माझीच खुमखुमी.” ‘असणार’ हा शब्द तेवढ्यात गळून गेला होता. वहिनींनी माझे दोन्ही हात धरले, आपल्या कपाळाला लावले. “तुमी व्हता म्हणून कुंकू ऱ्हायलं माझं,” त्या म्हणाल्या. त्यांचे हात गरम होते. मी ते सोडवून घेतले नाहीत.

मी सोलापूरला परतले. कॉलेजात विचारलं, “कशी झाली ट्रिप?” मी म्हणाले, “बरी झाली.” कुणाला सांगायचं आणि कुठून सुरुवात करायची? बाहेर ऊन तापायला लागलेलं, मुलांच्या प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आलेल्या. रात्री पंख्याखाली पडल्यावर कधीकधी कानात तो दबका आवाज यायचा आणि मी उठून बसायची. रविवारचे फोन मात्र चुकले नाहीत, उलट वाढले. डॉक्टर घरी पडून होते आणि येईल त्याला गोष्ट सांगत होते. दर वेळी ती जरा पुढं गेलेली असायची. आता मी त्यांना दोनदा अडवलं होतं. आता मी त्यांचा हात धरला होता. मी फोनवर “हं” म्हणत राहायची.

पावसाळ्यानंतर ते काठी घेऊन चालायला लागले आणि अकलूजच्या एका शाळेनं त्यांना मुलांसमोर अनुभव सांगायला बोलावलं. मला त्यांनी आग्रहानं नेलं. मैदानात मुलं रांगेत बसलेली. डॉक्टर रंगून सांगत होते, “मॅडम म्हणाल्या, डॉक्टर, हा उतार खोटा हाय! पण ज्याच्या डोक्यात वारं शिरलंय त्याला कोण आवरणार?” मुलं हसली. मग मुख्याध्यापकांनी मला शाल आणि नारळ दिला, आणि मुलांना म्हणाले, “योग्य वेळी नाही म्हणायला धैर्य लागतं, ते ह्यांच्याकडून शिका.” माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. शालीच्या खाली माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता.

दुपारी त्यांच्या घरी जेवायला गेलो. वहिनी आत पानं घेत होत्या. ओसरीवर आम्ही दोघंच होतो. मी शाल घडी करून बाजूला ठेवली.

“डॉक्टर, मी नको म्हणाले नव्हते.”

“म्हणजे?”

“मला धप्प ऐकू आलं होतं. भेगही दिसली होती. तुम्ही मागं वळून विचारलंत, जायचं ना. मी म्हणाले, चला.”

“मी विचारलं होतं?”

“हो.”

“आणि तुम्हाला ठाऊक होतं.”

“हो.”

“मग का?”

मी कारण सांगायचा प्रयत्न केला. फोन, रविवार, खोली. मोठ्यानं म्हटल्यावर ते इतकं किरकोळ वाटलं की मी अर्ध्यात थांबले. डॉक्टरांनी काठी घेतली, उठले आणि मागच्या अंगणात गेले. म्हैस बांधलेली होती, तिच्या पाठीवर हात ठेवून ते पाठमोरे उभे राहिले.

वहिनी दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“कशाला सांगितलं?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “त्यान्ला त्येवढं बरं वाटत व्हतं की.”

“मला राहवेना वहिनी.”

त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, “जेवल्याबिगर जायाचं न्हाय. बसा.”

आम्ही जेवलो. डॉक्टरांनी मला दोनदा आमटी वाढायला सांगितली, एसटीच्या वेळा सांगितल्या. बर्फाचा विषय निघाला नाही. स्टँडपर्यंत पोचवायला ते आले नाहीत. पाय दुखतोय म्हणाले, आणि तो दुखत असेलही.

त्यानंतरचा रविवार तसाच गेला. त्यापुढचाही. महिनाभरानं एकदा फोन आला, पण तो माझ्या कॉलेजात कुणाच्या तरी प्रवेशाबद्दल विचारायला. ज्याच्या भीतीनं मी उतारावर ‘चला’ म्हणाले होते ते शेवटी आलंच, आणि त्याचा दोष मला कुणाला देता येत नव्हता. मी रविवारी सकाळी फरशा पुसायला काढल्या. तरी नऊ वाजले की कान फोनाकडं जायचे.

त्या डिसेंबरात मी एकटीच खोऱ्यात गेले. वाटाड्याला सगळं खरं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, “आता तुम्ही माझ्यामागं नाही, माझ्या बाजूनं चालायचं. जे दिसेल ते बोलायचं.” बरोबर पुण्याचे चौघंजण होते, पैसे भरून, रजा काढून आलेले. चौथ्या दिवशी एका उतारापाशी वाटाड्या पुढं जायला निघाला, आणि मला पायाखाली काहीतरी पोकळ वाटलं. आवाज आला नव्हता. भेगही नव्हती. मी म्हणाले, “थांबा. मला हे बरोबर वाटत नाहीये. नको.” सगळे माझ्याकडं बघायला लागले. वाटाड्यानं खड्डा खणला, भिंत तपासली, तळचा दाणा मुठीत घेतला. तो म्हणाला, “नक्की सांगता येत नाही.” आणि आम्ही मागं फिरलो. पुण्याचे लोक रात्री जेवताना माझ्याशी धड बोलले नाहीत. तिथून निघेपर्यंत तो उतार तसाच होता, एक ढेकूळसुद्धा घरंगळलं नाही.

सोलापूरला आल्यावर मी डॉक्टरांना फोन केला. बऱ्याच वेळानं त्यांनी उचलला. मी घडलेलं सांगितलं.

“पडला का उतार?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग माणसं चिडली असतील.”

“चिडली.”

पलीकडं म्हैस हंबरल्याचा आवाज आला. “चिडूद्यात,” ते म्हणाले. मग थंडी किती होती, वाटाड्याच्या आईचं कसं आहे, असं विचारलं. तिथून बोलणं हुरड्यावर आलं. त्यांच्याकडं यंदा ज्वारीची कणसं उशिरा निसवली होती. पाचसात मिनिटं बोललो असू. “या कधीतरी” असं ते म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. फोन ठेवला आणि मी उद्याच्या तासाचं पुस्तक उघडलं.